आतल्या खोलीतला हुकूम

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय, त्याने जुनं घर दुरुस्त करून पाहिलेलं नसणार. नवं घर बांधणं त्यामानाने सोपं, काय आहे आणि काय नाही ते निदान डोळ्यांना दिसतं. जुन्या घरात एक खिळा उपटायला जावं तर त्याच्यामागून अर्धा गिलावा पडतो, आणि गिलाव्यामागे अशी काही वीट निघते की गवंडीसुद्धा डोकं खाजवतो. बेबीताईने लग्न केलं नाही, म्हणजे त्या म्हणीतली अर्धी कटकट तिची वाचली होती. उरलेली अर्धी तिने साठी उलटल्यावर आपल्या हाताने ओढवून घेतली.

साठीची बाई आणि नाव काय, तर बेबी. घरातलं शेंडेफळ, म्हणून कधीतरी कुणी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिला बेबी म्हणायचा, वहिनी बेबीताई म्हणायची आणि दादाची नातवंडं बेबीआजी म्हणून हाका मारायची. ती जन्मभर बसस्थानकावर माईकपुढे बसून गाड्यांच्या घोषणा करत आली. आवाज असा खणखणीत, की ती बोलली की गर्दीतली माणसं हातातला चहा टाकून पळत सुटायची. प्रत्येक वाक्य दोनदा सांगायची सवय लागली, ती नोकरी सुटल्यावरही गेली नाही. तर अशी ही हजार माणसं हलवणारी बाई, घरी मात्र आज भाजी कुठली करायची हेही तिला कुणी विचारलं नाही. दादाच्या घरात तिची खोली होती, पण त्या खोलीत शिलाई मशीन होतं, जादा गाद्या होत्या, नातवाची मोडकी सायकल होती आणि मग उरलेल्या जागेत ती होती. कुणी वाईट वागवलं का, तर अजिबात नाही. उलट सगळे जीव लावायचे. तिच्या वतीने सगळं ठरवून टाकायचे, एवढंच.

मग दादा-बेबीची आत्या वारली आणि जाताना आपलं घर बेबीच्या नावावर करून गेली. पुढची खोली, स्वयंपाकघर, त्याच्यामागे बाथरूम आणि बाजूला एक आतली खोली, एवढाच संसार. आत्या शेवटची काही वर्षं दवाखान्यातच होती, त्यामुळे घराकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. छत गळून भिंतींना ओल आली होती, चौकटींना वाळवी लागली होती आणि नळ उघडला की नुसता खाकरायचा. दादा म्हणाला, विकून टाक. वहिनी म्हणाली, एकटी राहणार, उद्या काही झालं तर तोंडात पाणी कोण घालेल? बेबीताई जन्मात पहिल्यांदा अडून बसली. तिला एकच हवं होतं, जिथे आपला शब्द शेवटचा असेल अशी चार भिंतींची जागा. शेवटी दादाने हात टेकले.

"जा, हौस भागव," तो म्हणाला. "पण तुला झेपत नाही असं दिसलं, की त्या दिवशी घराला कुलूप आणि तू इकडे. मग वाद नको."

ती हो म्हणाली. हो म्हणायला काय जातं, असं तेव्हा वाटलं होतं.

झालं, माणसं शोधायला सुरुवात झाली. गवंडी मिळाला तो म्हातारपणाकडे झुकलेला, कशालाच नाही न म्हणणारा आणि कधी मान वर न करणारा. वायरमन मिळाला तो तरणाबांड आणि तोंडाने तिखट. सुतार मिळाला तो 'उद्या' या एका शब्दावर जगणारा. ताई रोज सकाळी दादाकडून निघून घरी यायची, तिघांना कामं सांगायची, दोनदा सांगायची आणि संध्याकाळी परतायची. तिला त्या धुळीतही सुख वाटायचं. दिवसभर लोक तिला "ताई, हे कुठे लावू? ताई, हे किती ठेवू?" असं विचारत होते.

एके दिवशी ती फरश्या पसंत करायला दुकानात गेली. परत येऊन बघते, तर गवंड्याने स्वयंपाकाचा ओटा बांधून काढला होता आणि तो जेमतेम तिच्या मांडीला लागत होता. ताईचं डोकंच फिरलं. हा काय भातुकली खेळायला बांधलाय का, असं तिने त्याला विचारलं. गवंड्याने मान वर न करता सांगितलं की तुम्हीच सांगितलंत.

"मी? मी तर दुकानात होते."

"आतल्या खोलीतून ओरडलात, ताई. ओटा खाली घ्या, बसून हात पोचत नाही. दोनदा म्हणालात."

त्याचे हात सिमेंटच्या मसाल्यात होते, त्याने हो ताई म्हटलं आणि कामाला लागला. आता ही या धंद्याची रीतच आहे. घरमालक कुठून तरी ओरडतो, कारागीर हो म्हणतो. थापी खाली ठेवून, हात धुऊन, कोण बोललं म्हणून तोंड बघायला कुणी जात नाही. ताईला वाटलं, याचं माप चुकलंय आणि हा आपल्या माथी मारतोय. चोर तो चोर, वर शिरजोर. तिने ओटा पाडायला लावला आणि समोर उभी राहून पुन्हा नीट उंचीचा बांधून घेतला.

पण मग वायरमनने तेच केलं. सगळे बोर्ड त्याने इतके खाली बसवले की दिवा लावायला कमरेत वाकावं लागावं. ती दादाकडे जेवायला गेली होती, तेवढ्या वेळात. वायरमन काही गवंड्यासारखा गरीब गाय नव्हता. तो सरळ म्हणाला, की शाळेपासून बसने हिंडतोय, तुमचा आवाज मी झोपेतही ओळखीन, उगाच मला खोटं पाडू नका. फक्त आज घसा बसल्यासारखा वाटला, असंही तो म्हणाला.

आणि सुतार. सांगितलेलं काम जो महिनाभर करत नव्हता, त्याने न सांगितलेलं मात्र भल्या सकाळी येऊन उरकून टाकलं. ताई पोचली तेव्हा घरातले सगळे उंबरठे निघालेले होते आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला एक जाड आडवा दांडा बसवलेला होता. तुम्ही इतक्या रागाने ओरडलात की म्हटलं आज टाळायला नको, असं सुताराने सांगितलं. ताईने विचारलं, मी नक्की काय म्हणाले? तर म्हणे, उंबरठ्याला अडतं, काढून टाका, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा लावा.

ताई काढून ठेवलेल्या उंबरठ्यांच्या ढिगावर बसली आणि विचार करायला लागली.

तिघे मिळून थट्टा करत असतील, हे पटण्यासारखं नव्हतं. थट्टेपायी कुणी एवढी मेहनत करत नाही, आणि सुतार तर मुळीच नाही. आत्याचं भूत म्हणावं, तर आत्या बोलायची तेव्हा शेजारी बसलेल्याला ऐकू जायचं नाही. राहिलं ते एकच, आणि त्याच एका गोष्टीला ताई सगळ्यात जास्त भीत होती. तिची आणि दादाची आई शेवटी शेवटी सगळं विसरत गेली होती. दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवायची, आणि एकदा बेबीलाच विचारलं होतं, तू कुणाची गं? तेव्हापासून बेबीचा चष्मा हरवला तरी दादा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघायचा. म्हणजे आपण खरंच दुकानातून मध्येच आलो होतो का? आतल्या खोलीत बसून ओरडलो होतो का, आणि आता ते आपल्याला आठवत नाही का? हे दादाला कळलं, की कुलूप. मग गाद्या, शिलाई मशीन आणि आपण.

म्हणून ती खोटं बोलायला लागली. वहिनी एकदा काम बघायला आली आणि बोर्ड एवढे खाली का म्हणून विचारलं, तर ताईने हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून ठोकून दिलं. वहिनीने दांड्याकडे बघितलं, उंबरठ्यांच्या जागेकडे बघितलं आणि काही न बोलता गेली. वहिनी काही न बोलता जाते तेव्हा जास्त भीती वाटावी, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी ताईने ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष लावायचा. भर दुपारी, लख्ख उन्हात, तिने तिघांनाही स्वयंपाकघरात कामाला लावलं. आतल्या खोलीत जाऊन चारही कोपरे बघून आली. रिकामी खोली, जमिनीवर सिमेंटची बारीक धूळ. खोलीचं दार उघडंच ठेवून ती घमेलं पालथं घालून त्याच्यावर बसली, अशी की दार तिला दिसावं आणि ती तिघांना दिसावी. का बसलीय ते कुणाला सांगितलं नाही. गवंडी गिलावा मारत होता, वायरमन नळीतून तार ओढत होता, सुतार रंधा शोधत होता. बराच वेळ नुसती थापीची खरखर चालली होती.

आणि मग आतून आवाज आला.

"मिस्त्री, बाथरूमचं दार हातभर रुंद करा. खुर्ची आत जात नाही." थोडं थांबून, श्वास घेऊन, पुन्हा. "बाथरूमचं दार हातभर रुंद करा. खुर्ची आत जात नाही."

"हो ताई," गवंड्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि मग त्याची नजर समोर बसलेल्या ताईवर पडली. ताईचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज तिचाच होता, त्यात शंकाच नव्हती. जन्मभर स्वतःचा आवाज कर्ण्यातून ऐकलेली बाई ती, तिला कोण फसवणार? पण तो पुढच्या वयातला आवाज होता. काही दात पडलेले, शब्दाशब्दाला दम लागणारा, चिडका. सुतार आणि वायरमन हत्यारं तिथेच टाकून पळाले. गवंडी तेवढा जागचा हलला नाही, कारण मसाला कालवलेला होता आणि तो वाळून गेला असता. तो भिंतीकडे तोंड करून थापी मारत राहिला.

ताई उठून आत गेली. आत कुणी नव्हतं. धुळीत मात्र चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. मघाशी तिथे फक्त तिच्या चपलांचे ठसे होते. रेघा कोपऱ्यातून निघाल्या होत्या, खोलीच्या मध्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथूनच वळून परत कोपऱ्यात गेल्या होत्या. त्या खोलीत दुसरीकडे जायला जागा होती कुठे? एक खिडकी होती, ती पार छताखाली, उभ्या माणसालाही टाचा उंच करून बघावं लागेल अशी.

तिला एकदम सगळं कळलं. ओटा, बोर्ड, उंबरठे, दांडा, दार. भूत नव्हतं आणि वेडही नव्हतं. ती स्वतःच पुढे कधीतरी या खोलीत चाकांच्या खुर्चीत बसलेली होती, पाय गेलेली, आणि तिथून मागे हाका मारत होती. ताई घाबरली. अशी घाबरली की तिथेच धुळीत बसली आणि दोन्ही हातांनी आपले गुडघे चोळत राहिली, जणू आताच चाचपून बघायला हवं होतं की ते आहेत की नाहीत. हे चांगले धडधाकट पाय, यांनी काय बिघडवलं होतं कुणाचं? तिला रडू आलं आणि ती पोटभर रडली.

तोवर पळालेल्या सुताराने दादाचं घर गाठून सगळं सांगितलं होतं. दादा घरातल्याच कपड्यांवर धावत आला. त्याने घरभर फिरून काय काय झालंय ते पाहिलं आणि मग आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो लहान मुलीशी बोलावं तसा बोलला.

"कुणासाठी चाललंय हे सगळं, बेबी?"

"माझ्यासाठी. मला चालता येणार नाही, तेव्हासाठी."

"अभद्र बोलू नकोस. आणि तसं काही व्हायचंच असेल, तर इथे एकटी कशाला? आम्ही काय मेलोय? चल घरी."

आणि खरं सांगायचं तर ती जवळजवळ उठलीच होती. पडणार ते कदाचित याच घरात, याच बाथरूमच्या ओल्या फरशीवर, कुणी सांगावं? आज कुलूप लावलं तर कदाचित हे पाय शेवटपर्यंत राहतील. गाद्यांच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गाद्यांच्या खोलीत का होईना, चालतील. दादाने हात पुढे केला होता. मोठा प्रेमाचा हात होता तो, उगाच खोटं कशाला बोला?

पण ताईच्या कानात तो आवाज अजून होता. थकलेला होता, दम लागलेला होता, पण एकदाही त्याने कुणाची परवानगी विचारली नव्हती. हे करा, ते काढा, हातभर रुंद करा. पाय गेले तरी त्या बाईने हे घर सोडलं नव्हतं आणि तिला इथे कुणी बेबी म्हणत नव्हतं.

"दादा, तुझ्या घरी मी पडले तर तुम्ही मला उचलाल, माहिती आहे मला," ती म्हणाली. "पण उचलून कुठे ठेवायचं, ते तुम्हीच ठरवाल."

दादाने पुढे केलेला हात मागे घेतला, उगाच चौकटीवर फिरवला, लाकूड कुठलं वापरलंय म्हणून विचारलं. जाताना, एक किल्ली माझ्याकडे असू दे, एवढंच म्हणाला. तिने दिली.

तो गेल्यावर ताईने डोळे पुसले आणि गवंड्याला ओटा पाडायला सांगितला. त्याने पहिल्यांदाच मान वर केली. परत? परत, ती म्हणाली, तो पहिला होता तसाच बांधा, आणि बाथरूमचं दार रुंद करा. मग तिने पुढच्या खोलीतली खुर्ची उचलून आतल्या खोलीत आणली, रेघा जिथून मागे वळल्या होत्या बरोबर तिथे ठेवली आणि त्या खुर्चीत बसली. समोर भिंत होती. मान वर केली तर छताजवळ उजेडाची एक पट्टी दिसायची, बाकी नुसती भिंत. ती बसून राहिली. इथे बसून ती बाई ओटा मागत होती, बोर्ड मागत होती, दार मागत होती, सगळं कामाचं मागत होती. स्वतःला काही बघायला मिळावं, असं मागायचं तिला सुचलंच नव्हतं. जन्मभर सुचलं नव्हतं, म्हातारपणी कुठून सुचणार? ताईला स्वतःचीच दया आली आणि रागही आला.

"मिस्त्री, ही भिंत फोडा," तिने हाक मारली. "इथे खिडकी काढा. मी बसलेय ना, माझ्या डोळ्यांच्या वीतभर खाली तिचा कट्टा येऊ दे."

गवंडी दारात आला. आत यायला तो तयार नव्हता. "हे आतून सांगितलेलं नाही, ताई."

"नाही. हे मी सांगतेय."

गवंडी चपला बाहेर काढून आत आला, बसलेल्या ताईच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत काठी आडवी धरली, कोळशाने खूण केली आणि छिन्नी लावली. संध्याकाळपर्यंत भिंतीला चांगलं मोठं भगदाड पडलं. त्यातून रस्ता दिसला, कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान दिसलं, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, आणि गप्पा मारत उभ्या असलेल्या दोन बायांनी आत डोकावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली तेव्हा गवंडी बाहेर पायरीवरच बसला होता. आत जाऊन या, एवढंच म्हणाला. ताई आत गेली. खिडकीची चौकट अजून बसायची होती, ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. चाकांच्या रेघा कोपऱ्यातून निघाल्या होत्या, पण या वेळी मध्यावर वळल्या नव्हत्या. सरळ भगदाडापर्यंत गेल्या होत्या आणि तिथे धूळ चांगली दबलेली होती, कुणीतरी खूप वेळ थांबून राहिल्यासारखी.

ताईने हाक मारून गवंड्याला सांगितलं, की या खोलीतली धूळ झाडू नका, इथली फरशी सगळ्यात शेवटी घाला. मग ती त्या रेघांच्या शेजारी, खुर्चीला जागा सोडून उभी राहिली आणि बराच वेळ रस्ता बघत होती.